वाचकांचे प्रश्न : वचन एकच, मग वाद कशावरून?

संदेष्टे, धर्मग्रंथ आणि मसीहा (देवाने वचन दिलेला अभिषिक्त) यांवरून यहुदी, ख्रिस्ती आणि मुस्लिम वाचकांनी विचारलेले काही प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. कोणाची श्रद्धा खरी, याचा निवाडा या सदरात होणार नाही. मात्र कोणता वाद मुळातला आहे आणि कोणता केवळ हातातली पोथी वेगळी असल्यामुळे पेटतो, हे नेमके सांगता येते, आणि ते सांगायलाच हवे.

प्रश्न : आमच्या अभ्यासगटात मी मीखा ५:२ काढायला सांगितले. बेने इस्राएली मित्राच्या इब्री बायबलमध्ये त्या क्रमांकावर भलतेच वचन निघाले. मलाखीचा चौथा अध्याय तर त्याच्याकडे नाहीच. पाने गाळली आहेत का?
*– एक वाचक, वसई*

पाने गाळलेली नाहीत. अध्याय वेगळ्या जागी तोडले आहेत, एवढेच. आज सर्वत्र चालणारी अध्यायांची विभागणी १३व्या शतकात लॅटिन बायबलसाठी झाली. यहुद्यांनीही ती पुढे वापरात घेतली, पण काही ठिकाणी तोड बदलली. तुमच्या बायबलमधले मीखा ५:१ इब्री प्रतीत चौथ्या अध्यायाचे शेवटचे, म्हणजे १४वे वचन आहे. त्यामुळे बेथलेहेमचे वचन तिथे ५:१ वर येते. मलाखीचेही तसेच: तुमच्याकडे तिसऱ्या अध्यायात १८ आणि चौथ्यात ६ वचने, त्याच्याकडे तिसऱ्यातच २४. मजकूर तोच.

हमखास घोटाळा होतो अशा आणखी जागा सांगतो. ‘आम्हांसाठी बाळ जन्मले आहे’ हे यशया ९:६ इब्रीत ९:५ आहे. योएल २:२८ तिथे ३:१ होते. स्तोत्रांमध्ये ‘दाविदाचे स्तोत्र’ यासारखा मथळा इब्री प्रतीत बहुधा पहिले वचन म्हणून मोजतात, म्हणून २२व्या स्तोत्राचे १६वे वचन त्यांच्याकडे १७वे. जुन्या लॅटिन परंपरेतल्या कॅथलिक प्रतीत तर ते स्तोत्रच २१वे असते, कारण तिथे ९ आणि १० ही स्तोत्रे एकच धरली आहेत. तेव्हा गटात क्रमांक सांगू नका. वचनाचे पहिले चार शब्द वाचा आणि सगळ्यांना ते सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पुस्तकांच्या संख्येवरूनही असाच गैरसमज होतो. इब्री बायबलात २४ पुस्तके आणि प्रोटेस्टंटांच्या जुन्या करारात ३९, म्हणून १५ पुस्तके जास्त, असे कोणी म्हणाले तर ते चूक आहे. यहुदी परंपरेत शमुवेल, राजे आणि इतिहास ही प्रत्येकी एक, एज्रा-नहेम्या मिळून एक आणि बारा लहान संदेष्टे मिळून एकच पुस्तक मोजतात. कॅथलिक जुन्या करारात मात्र खरोखरच जास्त मजकूर आहे. तिथे तोबित, यहुदिथ, मक्काबींची दोन पुस्तके, ज्ञानग्रंथ, सिराख आणि बारूख ही सात पुस्तके अधिक धरून ४६ होतात. शिवाय दानीएल आणि एस्तेर यांत जादा भाग आहेत.

संख्येपेक्षा क्रम महत्त्वाचा, आणि त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. इब्री बायबलचे तीन भाग: तोरा (मोशेची पाच पुस्तके), संदेष्टे, लेखन. दानीएल तिथे संदेष्ट्यांत नाही, लेखनात आहे. ‘दानीएल संदेष्टा म्हणतो’ असे ख्रिस्ती माणूस म्हणाला की यहुदी माणूस तिथेच अडतो, ते यामुळे. शेवटचे पुस्तक इतिहास, आणि त्याचा शेवट कोरेश राजाच्या फर्मानाने होतो: यरुशलेमेला परत जा. ख्रिस्ती जुना करार मलाखीवर संपतो, एलीया संदेष्टा पुन्हा येईल या वचनावर. पान उलटले की मत्तय सुरू होतो आणि तिसऱ्याच अध्यायात बाप्तिस्मा करणारा योहान येतो. त्याच मजकुराला क्रमाने वेगळी दिशा मिळते.

एलीया आलेला आहे की यायचा आहे, यावर मात्र खरा मतभेद आहे. मत्तय ११:१४ मध्ये योहानालाच येणारा एलीया म्हटले आहे. योहान १:२१ मध्ये तो स्वतः ‘मी एलीया नाही’ असे सांगतो. ‘एलीयाच्या आत्म्याने व सामर्थ्याने’ या लूक १:१७ च्या आधारे ख्रिस्ती ही दोन वचने जुळवतात. यहुदी घरात एलीया अजून यायचाच आहे. वल्हांडणाच्या जेवणात त्याच्यासाठी पेला भरतात, सुंतेच्या वेळी त्याची खुर्ची मांडतात. आपल्या बेने इस्राएलांत तर एलियाहू हन्नबीचे, म्हणजे एलीया संदेष्ट्याचे, स्थान फारच जवळचे. लग्नाकार्यात, नवस फेडताना मलिद्याचे ताट होते: गोड केलेले पोहे, ओले खोबरे, वर फळे. अलिबागजवळच्या खंडाळ्यात खडकावरच्या खुणा एलियाहूच्या घोड्याच्या आणि रथाच्या मानतात. तुमच्या मित्राला ‘एलीया येऊन गेला’ हे वाक्य ऐकताना काय वाटत असेल, ते यावरून कळेल.

प्रश्न : यशयाचा ५३वा अध्याय येशूविषयी आहे म्हणून यहुदी लोक तो सिनेगॉगमध्ये वाचतच नाहीत, असे माझ्या ख्रिस्ती सहकाऱ्याचे म्हणणे. आमच्याकडे तो वाचल्याचे मला खरेच आठवत नाही. उत्तर काय द्यावे?
*– एक वाचक, ठाणे*

वाचला जात नाही ही गोष्ट खरी आहे. लपवला जातो, हे त्यातून सिद्ध होत नाही. तोराच्या साप्ताहिक भागानंतर संदेष्ट्यांचा जो उतारा वाचतात त्याला हफ्तारा म्हणतात. तिशा बआव या उपासानंतरचे सात शब्बाथ सांत्वनाचे उतारे असतात आणि ते सगळे यशयाच्या उत्तरार्धातून घेतलेले आहेत. ‘शोफतीम’ भागाबरोबर ५१:१२ ते ५२:१२ वाचतात, ‘की तेत्से’बरोबर ५४:१ ते १०. मधला ५२:१३ ते ५३:१२ हा भाग कोणत्याच शब्बाथला येत नाही. पण यशयाच्या ६६ अध्यायांपैकी हफ्ताऱ्यात न येणारे असे बरेच आहेत, आणि यिर्मया, यहेज्केल यांचाही मोठा भाग वगळलेलाच असतो. ग्रंथ प्रत्येकाच्या हाती असतोच. तुम्हीही तो आज रात्री उघडून वाचू शकता.

वाचताना ५३:१ पासून सुरुवात करू नका. ही चूक दोन्ही बाजू करतात. प्रकरण ५२:१३ ला ‘पाहा, माझा सेवक’ या शब्दांनी सुरू होते. अध्यायाची तोड चुकीच्या जागी पडली आहे. त्याआधी ‘सेवक’ कुठे कुठे आला आहे ते पाहा: ४१:८, ४४:१, ४९:३. या तिन्ही ठिकाणी सेवकाचे नाव स्पष्ट दिले आहे, इस्राएल. यहुदी वाचनाचा हा सर्वांत भक्कम आधार आहे: दुःख सोसणारा सेवक म्हणजे विखुरलेले राष्ट्र, आणि ५३व्या अध्यायात चकित होऊन बोलणारे इतर देशांचे राजे.

आता ख्रिस्ती बाजूचा भक्कम आधारही तितक्याच प्रामाणिकपणे मांडायला हवा. ४९:५-६ मध्ये या सेवकावर इस्राएलला परत आणण्याचे काम सोपवले आहे. सेवक म्हणजे सबंध राष्ट्र असेल तर तो राष्ट्राला परत कसा आणील? ५३:८ मध्ये ‘माझ्या लोकांच्या अपराधामुळे’ त्याला मार बसतो, म्हणजे लोक वेगळे आणि तो वेगळा. ख्रिस्ती वाचक इथे एकच व्यक्ती पाहतो. नव्या करारातही हा प्रश्न उघडपणे विचारलेला आहे. प्रेषितांची कृत्ये ८:३४ मध्ये कूशी अधिकारी हाच उतारा वाचत असतो आणि फिलिप्पाला विचारतो, संदेष्टा हे स्वतःविषयी बोलतो की दुसऱ्या कोणाविषयी?

या वादात ठरलेली तीन विधाने कानावर येतात आणि तिन्ही टिकत नाहीत. ‘राष्ट्र असा अर्थ राशी या यहुदी भाष्यकाराने ११व्या शतकात शोधून काढला’ हे पहिले. राशीचा काळ १०४० ते ११०५. पण आपल्या वेळचे यहुदी हा उतारा सबंध लोकांना लावतात, अशी नोंद ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानाने ३ऱ्या शतकातच केली आहे. ‘यहुद्यांनी तो मसीहाला कधीच लावला नाही’ हे दुसरे. तालमूद या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, सनहेद्रीन ९८ब येथे, ५३:४ मसीहाच्या एका नावासाठी घेतले आहे, आणि तार्गूम या जुन्या अरामी भाषांतरामध्ये सेवकाला थेट मसीहा म्हटले आहे. मात्र त्या तार्गूमने सोसण्याचे सगळे वर्णन मसीहाकडून काढून इतरांवर घातले आहे, हेही सांगायला हवे. अर्धे सांगणे बरे नव्हे. तिसरे, ‘ख्रिस्ती लोकांनी हा मजकूर मागाहून घुसडला’. १९४७ मध्ये मृत समुद्राकाठी कुमरान येथे सापडलेली यशयाची मोठी गुंडाळी ७.३४ मीटर लांब आहे, तिच्यात ५४ स्तंभ आहेत, आणि ती येशूच्या जन्मापूर्वी लिहिलेली आहे. हा उतारा तिच्यात आहे. मजकुरावर वाद नाही. वाद आहे तो ‘सेवक कोण’ यावर, आणि तो खरा वाद आहे.

प्रश्न : तौरातमध्ये ‘तुझ्यासारखा नबी त्यांच्या भावांमधून उभा करीन’ असे आहे. आम्ही ते हजरत मुहम्मद यांच्याविषयी मानतो, ख्रिस्ती मित्र येशूविषयी. चर्चा कुठून सुरू करावी?
*– एक वाचक, मालेगाव*

हे वचन ‘अनुवाद’ नावाच्या मोशेच्या पाचव्या पुस्तकात, १८व्या अध्यायात आहे. नवव्या वचनापासून बाविसाव्यापर्यंत एकत्र वाचा. नऊ ते चौदामध्ये शकुन पाहणाऱ्यांकडे, भूत-पिशाच्च बोलावणाऱ्यांकडे जाऊ नका, असा हुकूम आहे. मग पंधराव्यात: त्याऐवजी देव तुमच्यासाठी संदेष्टा उभा करील. शेवटच्या तीन वचनांत खोटा संदेष्टा ओळखण्याची खूण दिली आहे. या संदर्भामुळे यहुदी परंपरा इथे एकाच व्यक्तीचे भाकीत पाहत नाही. मोशेनंतर वेळोवेळी येणाऱ्या संदेष्ट्यांची ती व्यवस्था आहे असे ती मानते. काही भाष्यकार पहिला म्हणून यहोशवाचे नाव घेतात. म्हणजे चर्चेत दोन पक्ष नाहीत, तीन आहेत.

खरी अडचण ‘भावांमधून’ या शब्दावर येते. मुस्लिम विद्वान म्हणतात, इस्राएलचे भाऊ म्हणजे इस्माईलचे वंशज. याला विरोध करणारे १७:१५ दाखवतात: तिथे राजा ‘भावांपैकी’ हवा, परका चालणार नाही असे म्हटले आहे, आणि तो राजा इस्राएलीच असणार. हा आक्षेप वजनदार आहे. पण त्याच पुस्तकात २:४ मध्ये एसावाच्या वंशजांना आणि २३:७ मध्ये अदोमी माणसाला ‘भाऊ’ म्हटले आहे, म्हणजे हा शब्द इस्राएलबाहेर वापरलाच जात नाही असे म्हणता येत नाही. तुमच्या बाजूने बोलताना ही दोन वचने सांगा. पण १८:१५ मध्ये ‘तुझ्यामधून’ असेही शब्द आहेत. त्यांचे उत्तर तयार ठेवा, कारण मित्र ते विचारणारच.

‘मोशेसारखा’ यावर दोन्हीकडे लांब याद्या बनतात. मुस्लिम बाजू कायदा देणारा, लोकांना घेऊन स्थलांतर करणारा, राज्य चालवणारा असे साम्य दाखवते. ख्रिस्ती बाजू देवाशी समोरासमोर बोलणारा, चमत्कार करणारा, नवा करार स्थापणारा असे दाखवते, आणि पेत्राने प्रेषितांची कृत्ये ३:२२ मध्ये हे वचन येशूला लावल्याचे सांगते. कोणते साम्य महत्त्वाचे हे आधी ठरलेले नसल्यामुळे या याद्यांतून निकाल लागत नाही. त्यात संध्याकाळ घालवू नका, असेच आमचे मत आहे.

एक गोष्ट मात्र आधी स्पष्ट करा: तुम्ही हातातल्या तौरातचा पुरावा कोणत्या नात्याने देता? तहरीफविषयी, म्हणजे आधीच्या ग्रंथांत फेरफार झाला या मताविषयी, इस्लामी विद्वानांत दोन मते आहेत. मूळ शब्दच बदलले गेले, असे कोर्दोबाच्या इब्न हज्म (९९४–१०६४) यांनी जोरदारपणे मांडले. इतर अनेकांच्या मते शब्द बहुतांशी तेच राहिले, अर्थ फिरवले गेले. पहिले मत धरले तर या एका वचनावर भर का, हे सांगावे लागते. दुसरे धरले तर आजूबाजूची वचनेही मान्य करून अर्थ लावावा लागतो. एका वाक्यात पहिले आणि पुढच्या वाक्यात दुसरे घेतले की समोरचा माणूस ऐकणे सोडतो.

हीच शिस्त समोरच्यालाही लागू आहे. कुराणच्या ४:१७१ मध्ये ईसांना ‘अल्लाहचा शब्द’ म्हटले आहे, असे सांगून ख्रिस्ती प्रचारक त्यातून त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) काढू पाहतात. त्याच आयतीत पुढे ‘तीन म्हणू नका’ असे आहे. आयत पूर्ण वाचा, मग बोला.

प्रश्न : यहुदी धर्मात मसीहा ओळखण्याची काही ठरलेली कसोटी आहे का? येशूला ती लागू करून पाहिली होती का?
*– एक वाचक, पुणे*

आहे, आणि ती सर्वांत नेमकेपणाने यहुदी विद्वान मैमोनिदीस (११३८–१२०४) यांनी ‘मिश्ने तोरा’ या आपल्या धर्मनियमांच्या ग्रंथातल्या राजांविषयीच्या नियमांत, ११व्या अध्यायात मांडली आहे. तिच्यात दोन पायऱ्या आहेत. दावीदाच्या घराण्यातला राजा उभा राहतो, तोरात गढलेला असतो, इस्राएलला तोरा पाळायला लावतो आणि देवाची युद्धे लढतो. एवढे झाले तर तो मसीहा असल्याचे गृहीत धरायचे. मग त्याने यरुशलेमचे मंदिर त्याच्या जागी बांधले आणि विखुरलेल्या इस्राएलला एकत्र केले, तर तो निश्चित मसीहा. तो यशस्वी झाला नाही किंवा मारला गेला, तर तो नव्हे. चमत्कार करून दाखवण्याची अट नाही. मृतांना उठवावे अशी अपेक्षाही नाही.

या नियमामागे एक जखम आहे. इ.स. १३२ ते १३५ मध्ये रोमविरुद्ध लढलेल्या बार कोखबाला रब्बी अकिवासारख्या थोर विद्वानाने मसीहा मानले होते. बंड चिरडले गेले, यहुदिया उद्ध्वस्त झाला. मैमोनिदीस अकिवाचे उदाहरण नाव घेऊन देतात. पुढे १६६५ मध्ये स्मिर्नाच्या शब्बताय त्स्वीला मसीहा जाहीर केले गेले, तेव्हा कित्येक देशांतल्या यहुद्यांनी घरेदारे विकायला काढली. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने सुलतानासमोर इस्लाम स्वीकारला. काही अनुयायी तरीही त्याला सोडून गेले नाहीत.

येशूला ही कसोटी लावली की मंदिर आणि एकत्रीकरण या दोन ठिकाणी यहुदी उत्तर ‘नाही’ असे येते. ख्रिस्ती उत्तर असे, की येणे दोनदा आहे: पहिल्यांदा पापांसाठी, दुसऱ्यांदा राज्यासाठी. शिष्यांनीही प्रेषितांची कृत्ये १:६ मध्ये हेच विचारले होते, की इस्राएलचे राज्य आपण आता परत स्थापणार काय? यहुदी माणूस विचारतो, दोनदा येणे कुठे लिहिले आहे? ख्रिस्ती माणूस यशया ५३ कडे बोट दाखवतो, आणि वर ठाण्याच्या वाचकाला दिलेल्या उत्तराशी आपण परत येतो. इस्लाममध्ये ईसांना मसीह ही पदवी आहे, त्यांचे परत येणेही मानले जाते, पण क्रुसावरचा मृत्यू ४:१५७ नुसार नाकारलेला आहे.

एक सूचना. मैमोनिदीसांचा हा अध्याय वाचायचा तर पूर्ण आवृत्ती मिळवा. येशू आणि मुहम्मद यांच्यामुळे तोरा आणि मसीहा या गोष्टी दूरच्या बेटांपर्यंत पोचल्या आणि जग तयार झाले, अशा आशयाचा मजकूर त्यात आहे. धर्मसत्तेच्या तपासणीमुळे तो अनेक छापील प्रतींतून गेला होता.

प्रश्न : दानीएलच्या आकड्यांवरून मसीहाचे वर्ष काढता येते का? प्रत्येकाचे उत्तर वेगळे कसे येते?
*– एक वाचक, नाशिक*

कारण प्रत्येक जण तीन जागी वेगळी निवड करतो: मोजणी कोणत्या फर्मानापासून, दिवस म्हणजे वर्ष का, आणि कोणती कालगणना.

उदाहरण घेऊ. दानीएल ८:१४ मधील २३०० दिवस अमेरिकेच्या विल्यम मिलर यांनी वर्षे मानली आणि सुरुवात इ.स.पू. ४५७ धरली. २३०० वजा ४५७, उत्तर १८४३. पण इ.स.पू. १ नंतर लगेच इ.स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही, म्हणून उत्तरात एक मिळवावा लागतो: १८४४. ही दुरुस्ती नंतर झाली आणि २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस ठरला. हजारो लोक वाट पाहत बसले. तो दिवस इतर दिवसांसारखाच मावळला. त्या समूहातूनच १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथ संघटित झाला. पुण्याची स्पायसर ही शिक्षणसंस्था त्याच पंथाची.

नवव्या अध्यायातील ७० सप्तकांचेही तसेच आहे. ७ गुणिले ७०, म्हणजे ४९० वर्षे. ख्रिस्ती मोजणारे ती येशूपर्यंत आणतात. ‘सेदेर ओलाम’ या जुन्या यहुदी कालगणना-ग्रंथाची परंपरा ७० वर्षे बंदिवासाची आणि ४२० दुसऱ्या मंदिराची धरून मंदिराच्या नाशापर्यंत आणते. इतिहासकारांच्या हिशेबात दुसरे मंदिर इ.स.पू. ५१६ ते इ.स. ७०, म्हणजे ५८५ वर्षे उभे होते. १६५ वर्षांचा हा फरक न सांगता कोणी तक्ता पुढे केला, तर तो तक्ता बाजूला ठेवा. अंतकाळाचा हिशेब मांडणाऱ्यांना तालमूदाने, सनहेद्रीन ९७ब येथे, शाप दिला आहे. तारीख चुकली की लोकांची श्रद्धाच जाते, हे कारणही तिथेच दिले आहे.

प्रश्न : निजामशाहीत ‘महदी येऊन गेले’ असे मानणारे राज्य होते, हे खरे का?
*– एक वाचक, अहिल्यानगर*

थोडा काळ, हो. जौनपूरचे सय्यद मुहम्मद (१४४३–१५०५) यांनी आपण महदी, म्हणजे अंतकाळी येणारे मार्गदर्शक, असल्याचे जाहीर केले. त्यांचे अनुयायी ते महदवी. त्यांच्या वस्त्यांना दायरा म्हणत. १५८९ मध्ये अहमदनगरच्या गादीवर अल्पवयीन इस्माईल निजामशाह आला आणि सत्ता जमालखान या महदवी सरदाराच्या हाती गेली. त्याने महदवी मताला राजाश्रय दिला. १५९१ मध्ये इस्माईलचे वडील बुऱ्हाण यांनी खानदेशच्या राजा अली खानाच्या मदतीने चढाई केली. बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडच्या लढाईत जमालखान मारला गेला आणि दरबारात शिया मत परत आले. योगायोग असा, की त्याच वर्षी हिजरी १००० सुरू झाले, आणि सहस्रक पूर्ण होताना महदी येणार ही अपेक्षा तेव्हा दूरवर पसरलेली होती.

महदींविषयीचा मतभेद समजून घ्यायचा तर एवढे ध्यानात ठेवा: सुन्नी परंपरेत महदींचे नाव घेणाऱ्या हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी) अबू दाऊद, तिर्मिजी, इब्न माजा यांच्या संग्रहांत आहेत. इस्ना अशरी शियांच्या मते महदी म्हणजे १२वे इमाम, जे हिजरी २५५ मध्ये जन्मले आणि आजही दृष्टीआड हयात आहेत. महदवींसाठी ते येऊन गेले. म्हणून महदवी शेजाऱ्याला ‘तुम्ही महदींची वाट पाहता का?’ असे विचारू नका. ‘त्यांनी काय शिकवले?’ असे विचारा.